साक्षीदाराचा ताबा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बंदरात क्रेन चालवायचा. लग्नात मी त्याला "काय क्रेनवाले" म्हणून चिडवलं आणि तेच नाव घरात कायमचं पडलं. क्रेनवाले सरळ माणूस होते. इतके सरळ की मला कधीकधी त्यांचा रागच यायचा. दिवसभर उंच केबिनमध्ये एकटं बसायची सवय, त्यामुळे बोलणं मोजकं. जे पाहिलं ते पाहिलं म्हणायचं, जे नाही पाहिलं ते नाही म्हणायचं, तिसरा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता.

एका सकाळी त्यांनी वरून एका माणसाला मरताना पाहिलं. तो वजनकाट्यावरचा कारकून होता. कंटेनरची खोटी वजनं द्यायला तो तयार नव्हता, म्हणून तिघांनी त्याला बंदराच्या फाटकाच्या आत लोखंडी पहारीने झोडपलं. तो सरपटत कसाबसा फाटकाबाहेर आला आणि रस्त्यावर त्याने जीव सोडला. त्या तिघांत माल उतरवणाऱ्या ठेकेदाराचा सख्खा भाऊ होता. खाली उभ्या असलेल्या लोकांपैकी कोणीच काही पाहिलेलं नव्हतं. कोणी बिडी पेटवत होतं, कोणी पाठ करून उभं होतं. उरले आमचे क्रेनवाले.

"तुम्हीही नाही पाहिलं म्हणा," मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "तुमच्या मागे बायको आहे, आई आहे."

"ताई, तो माझ्याकडे बघत होता," ते म्हणाले. "पडल्या पडल्या वर बघत होता."

कोर्टात उभं राहून त्या तिघांकडे बोट दाखवीपर्यंत या माणसाला जिवंत ठेवायचं, एवढं एकच काम त्या दिवसापासून आमच्या घराला होतं.

घोळ पुढे झाला. बंदर केंद्र सरकारचं आणि बाहेरचा रस्ता राज्य सरकारचा. फाटकाखाली डांबरावर एक पांढरा पट्टा मारलेला आहे. पट्ट्याच्या आत काही झालं तर केंद्राचं, बाहेर झालं तर राज्याचं. बिचाऱ्या कारकुनाने मार आत खाल्ला आणि जीव बाहेर सोडला. राज्याचे पोलीस म्हणाले, प्रेत आमच्या रस्त्यावर सापडलं, तपास आमचा. केंद्राचे लोक म्हणाले, गुन्हा आमच्या हद्दीत झाला, तपास आमचा. दोघांनाही तपास हवा होता, याचं मला आधी कौतुक वाटलं. नंतर कळलं की दोघांनाही तो दुसऱ्याकडे जायला नको होता, एवढंच.

मी स्वतः राज्याच्या इस्पितळात परिचारिका आहे. त्यामुळे सरकार म्हणजे काय हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं असा माझा तोरा होता. पोलीस, इस्पितळ, पिण्याचं पाणी, गावातले रस्ते हे राज्याचं. सैन्य, नोटा, रेल्वे, बंदरं ही केंद्राची. शाळेत घोकून घोकून पाठ केलेलं. पण पाठ असणं वेगळं आणि आपलं घर नेमकं त्या दोघांच्या मधे येणं वेगळं.

पहिला महिना दीड महिना तपास राज्याकडे होता. तेव्हा त्यांनी एक हवालदार आमच्या दाराशी बसवला. म्हणजे बहिणीच्या दाराशी. मीही तेव्हा तिच्याकडेच मुक्काम हलवला होता, ड्युटी करून तिथेच यायची. हवालदार पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, दोन मजले चढला की कठड्याला टेकून श्वास घेणारा. पहिल्या दिवशी मी कपाळाला हात लावला. हा कोणाला वाचवणार? पण तो डोळ्यांत तेल घालून बसायचा. जिन्यावर पाऊल वाजलं की चहाचा कप खाली आणि हात कमरेला. आठवड्याभरात तो आमचा मामा झाला. बहिणीच्या सासूबाई त्याला आपल्या मुलाच्या आधी वाढायच्या.

समोर रस्त्यापलीकडे एक सलून आहे. सलूनबाहेरच्या बाकावर एक माणूस येऊन बसायला लागला. केस वाढलेले, दाढी वाढलेली, आणि आत मात्र कधी जायचा नाही. नुसता आमच्या खिडकीकडे तोंड करून बसायचा. मामा खाली उतरून त्याच्या शेजारी जाऊन बसला, त्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी हसत हसत बोलला. माणूस उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा होता.

"काय म्हणालात त्याला?" बहिणीने विचारलं.

"काही नाही गं पोरी. म्हटलं, फुकटात दाढी करून देतो, चल ठाण्यावर."

आम्ही हसलो, पण बहिणीने त्या दिवसापासून पडदे उघडले नाहीत. भर दुपारी दिवा लावून आम्ही जेवायचो. क्रेनवाल्यांना घरात बसवेना. इतक्या उंचावर काम केलेला माणूस, त्याला आता खिडकीजवळही जायची बंदी. ते खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचे आणि छताकडे बघायचे. मला त्यांची फार कणव यायची.

मामाला राज्याचा अभिमान होता आणि केंद्राचा राग. तो त्यांच्या नकला करायचा. चहा पिता पिता उभा राहायचा, पोट आत ओढायचा, खालच्या आवाजात छापील भाषा बोलायचा.

"आपणच का ते? आमच्यासोबत यावं लागेल. असे बोलतात, पोरी. आमच्यासारखा गणवेश नाही. साधा शर्ट, कडक इस्त्री. खिशातनं कार्ड काढतात आणि तू वाचायच्या आत परत खिशात. नाव सांगत नाहीत. हसत नाहीत. घरच्या माणसांशी बोलत नाहीत."

"चहा घेतात की नाही?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या लेखी माणसाची तीच परीक्षा.

"चहा? आई, केंद्राचा माणूस साक्षीदाराच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. आणि आम्ही बघा, दिवसाला सहा कप!"

क्रेनवाले त्या दिवशी खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

मग एक दिवस बातमी आली की तपास केंद्राकडे गेला. वर कुठेतरी निर्णय झाला होता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, म्हणजे आमच्याबरोबर सगळ्या गावाला कळलं, आणि ठेकेदारालाही. बहिणीला आनंद झाला. मोठं सरकार, मोठे अधिकारी, ठेकेदाराची पोच तिथपर्यंत नसणार. सासूबाईंनी हात जोडले. मीही म्हटलं, बरं झालं.

मामाचं तोंड मात्र उतरलं होतं. त्याला ठाण्यावरून फोन आला होता: आजच्या आज पहारा उठवा.

"अहो, पण त्यांचे लोक कुठे आलेत अजून?" बहीण म्हणाली.

"तेच तर मीही साहेबांना विचारलं. साहेब म्हणतात, साक्षीदार आता केंद्राचा. केंद्राच्या साक्षीदाराच्या दारात राज्याचा शिपाई बसवायचा तर केंद्राने मागणी करायला हवी. मागणी केली का? नाही. मग तू कोणाच्या हुकमाने बसलायस?" मामाने टोपी काढून डोकं खाजवलं. "येतील म्हणे एक-दोन दिवसांत."

"आणि तोवर?"

मामाने टोपी परत डोक्यावर चढवली. "तोवर दार उघडायचं नाही. कोणालाही नाही. मी ड्युटी सुटली की येऊन बसत जाईन, सरकारी नाही, घरचा म्हणून. आणि ते आले की तुम्हाला कळेलच. चहा विचारा. नको म्हणाले की समजा केंद्राचे."

त्याने हे आम्हाला हसवायला म्हटलं होतं. आम्ही हसलोही. तो गेल्यावर जिना एकदम मोकळा मोकळा वाटायला लागला.

पहिल्या संध्याकाळी मामा आला, जेवून गेला. दुसऱ्या दिवशी राज्याचे कोणी मंत्री गावात आले आणि मामाला बंदोबस्तावर पाठवलं. मग तो फक्त फोन करायचा.

बहीण दिवसभर फोन फिरवत राहिली. केंद्राच्या कार्यालयात एक बाई अतिशय गोड आवाजात सांगायची, "आदेश निघालाय, अजून इकडे पोचायचाय." पोलीस ठाण्यात कोणीतरी खेकसायचं, "तो आता आमच्याकडे नाही." आमच्याकडे नाही! जसं काही चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पार्सल. मी स्वतः आमच्या इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना भेटले, ते कोणाकोणाला ओळखतात म्हणून. त्यांनी दोन फोन केले आणि मला म्हणाले, "सिस्टर, प्रत्येक जण म्हणतोय की काळजी दुसऱ्याने घेतलेली आहे."

सलूनबाहेरच्या बाकावर आता दोघे बसत होते. कधी तिघे. एकदा मी ड्युटीवरून येताना त्यातल्या एकाने मला अगदी अदबीने वाट करून दिली आणि विचारलं, "मेहुणे बरे आहेत ना?" घरी येऊन मी कोणाला सांगितलं नाही, नुसती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आणि मग एका सकाळी बाक रिकामा होता. सलूनवाला त्यावर पाणी मारत होता. बहीण पडद्याच्या फटीतून बघून म्हणाली, "ताई, गेले बघ! केंद्राचा आदेश आला असणार, म्हणूनच गेले." मला उलट जास्त भीती वाटली. भीतीचं कारण मात्र मला सांगता येत नव्हतं आणि तिचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला होता, म्हणून मी मान हलवली.

त्याच दिवशी दुपारी, जेवणं आटोपून भांडी घासत असताना, बेल वाजली.

बहिणीने साखळी लावून दार किलकिलं केलं. बाहेर दोघे उभे होते. साधे शर्ट, कडक इस्त्री. एकाने कार्ड वर धरलं आणि लगेच खिशात टाकलं.

"केंद्राकडून आलो आहोत. साक्षीदारांना सोबत न्यायचं आहे."

"आपलं नाव?" बहिणीने विचारलं.

"ते सांगता येत नाही."

बहीण वळून आमच्याकडे बघायला लागली. क्रेनवाले खुर्चीतून उठले होते. स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या, नेहमीसारख्या पदराला हात पुसत, आणि त्यांनी आल्या माणसाला जे विचारायचं तेच विचारलं, "बसा ना. चहा टाकू का?"

"नको," तो म्हणाला. "आम्ही कामावर असताना काही घेत नाही."

बहिणीचा रोखलेला श्वास सुटलेला मला ऐकू आला. तिने साखळी काढली.

ते आत आले, पण बसले नाहीत. आज दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब आणि मग सुरक्षित ठिकाणी मुक्काम, पत्ता घरच्यांनाही कळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, दोन कपडे भरते, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. "काही लागणार नाही, आई," दुसरा म्हणाला. "तिकडे सगळं मिळेल." त्याच्या चकचकीत बुटाच्या कडेला कोळशाची काळी भुकटी चिकटलेली होती. तशी फक्त बंदरात असते. माझ्या मनात आलं, बंदर केंद्राचंच, हेही केंद्राचेच, तिकडूनच आले असणार. इतकं माझं पाठांतर पक्कं.

क्रेनवाल्यांनी बूट घातले. बहिणीने त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. ते तिच्याशी हलकेच काहीतरी बोलले, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आता पडदे उघडा. अंधारात बसून तुमचे डोळे जातील."

आम्ही पडदे उघडले. खाली गाडीत त्यांना मागच्या सीटवर मधे बसवलं, दोन्ही बाजूंनी दोघे. पुढे चालवणाऱ्याने मागे वळून पाहिलंही नाही. सासूबाई खिडकीतून हात हलवत होत्या. क्रेनवाल्यांना मान वर करायला जागा नव्हती. गाडी वळून गेली. बहीण जमिनीवर बसली आणि रडायला लागली, पण ते सुटकेचं रडणं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सासूबाई म्हणाल्या, काहीही म्हणा, मी पिशवी भरून ठेवते, कोणी आलं गेलं तर पाठवू. आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली. बहिणीने डोळे पुसत सरळ दार उघडलं.

मामा होता. कठड्याला टेकून धापा टाकत होता आणि हसत होता. त्याच्या मागे एक तरुण बाई, अंगावर पूर्ण गणवेश, खांद्यावर वेगळ्याच रंगाची पट्टी, आणि तिच्या मागे दोन बंदूकधारी.

"ताबा द्यायला आलोय," मामा म्हणाला. "म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवू नका, माझा मीच देतो. या मॅडम केंद्राच्या."

मॅडमनी हसून नमस्कार केला, आपलं नाव सांगितलं, कार्ड काढून बहिणीच्या हातात दिलं. "सकाळपासून गाडीत आहे हो. आधी घोटभर पाणी द्याल का? आणि चहा मिळाला तर फारच उपकार होतील."

बहीण कार्डाकडे बघत होती. तिच्या तोंडावर अजून मघाचंच अर्धवट हसू होतं.

"पण नेलं ना तुमच्या लोकांनी," ती म्हणाली. "आत्ताच नेलं."

"आमचं कोणी आलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

मामाने दाराची चौकट धरली.

"पोरी, चहा विचारला होतास?"

"विचारला की," बहीण म्हणाली. "नको म्हणाले. म्हणूनच तर साखळी काढली."

मामा जिन्याच्या पायरीवर खाली बसला. त्याने टोपी काढली आणि तोंडावर धरली. त्याचे खांदे हलायला लागले.

मॅडम मात्र कामाला लागल्या. गाडीचा रंग, वेळ, किती माणसं, सगळं विचारून त्यांनी फोन लावला. नाकाबंदी हवी होती. पण गावातले नाके राज्याच्या पोलिसांचे. त्यांनी मामाकडे फोन दिला, मामाने ठाण्यावर लावला. पलीकडचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. "साक्षीदार केंद्राचा आहे ना? मग त्यांची लेखी मागणी येऊ दे. आणि आधी हे सांग, नेला तेव्हा ताबा कोणाकडे होता?" मॅडमनी आपल्या साहेबांना फोन लावला. तिकडूनही तोच प्रश्न. "तुम्ही ताबा घेतला होता का? सही झाली होती? नाही ना? मग तो आपल्याकडून गेला असं कसं म्हणता येईल?"

मी ओरडले. गणवेशातल्या माणसांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "अरे, मग एवढे दिवस तो होता कोणाचा?"

"माझा होता," बहीण म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता आणि मला तो सहन झाला नाही.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पुन्हा फोनवर वळल्या. त्या विनवत होत्या, मामा शिव्या देत होता, दोन वेगवेगळ्या फोनवर, एकाच जिन्यात. गाडी तोवर राज्याच्या रस्त्यावर असेल किंवा केंद्राच्या बंदरात. आमच्याकडून गेली तेव्हा तिला कोणी अडवलं असतं तर फक्त सलूनवाल्याने.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. त्यांना ऐकायला जरा कमीच येतं. आत कपाट उघडून बसल्या होत्या, त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. हातात भरलेली पिशवी होती, वर घडी घातलेला स्वेटर. मामाला बघून त्यांना आनंद झाला, मॅडमचा गणवेश बघून आणखीच.

"बरं झालं तुम्ही आलात. आधीचे फार घाईत होते," त्या म्हणाल्या. "यात गोळ्या आहेत. संध्याकाळची आठवण करून द्यावी लागते हो त्याला, स्वतःहून घेत नाही."

त्यांनी पिशवी पुढे धरली. मॅडम मामाकडे बघायला लागल्या आणि मामा मॅडमकडे. कोणाचाच हात पुढे येईना. सासूबाईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"तुमच्यापैकी त्याच्याकडे कोण जाणार आहे?" त्यांनी विचारलं.